सुकाणू कोणाच्या हाती?

इंग्रजीतील ‘गव्हर्नर’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘गुबर्नातोर’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, कर्णधार. लॅटिनने हा शब्द ग्रीकांच्या नौकानयनातून उचलला. कर्णधार नौकेचा मालक नसतो. परंतु तो त्याच नौकेत असतो आणि ती बुडाली तर तोही बुडतो. भारतातील राज्यपालांची गोष्ट निराळी आहे. लोकांनी राज्यपाल निवडावा ही मसुद्यातील कल्पना घटना समितीने मे १९४९ मध्ये सोडून दिली. अनुच्छेद १५६ अन्वये राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची, मर्जी असेतोवरच ते पदावर राहतात. नौका जनतेची, कर्णधार मात्र किनाऱ्यावरून नेमलेला!

संसदीय लोकशाहीत सुकाणू लोकनियुक्त मंत्रिमंडळाच्या हाती असते. तरीही जून २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी सरकारला बहुमत चाचणीचा आदेश दिला. तो समर्थनीय नव्हता, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिला. तोवर सरकार गेलेले होते.

याउलट, जेथे घटनेनेच राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची सोय केली, तेथे काय झाले? हा प्रश्न अकोल्याने विचारलाच पाहिजे. याच शहरात ऑगस्ट १९४७ मध्ये अकोला करार झाला, १९५३ मध्ये नागपूर करार झाला आणि १९५६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भासाठी विकास मंडळाची तरतूद आली. मंडळ प्रत्यक्षात अवतरले १९९४ मध्ये! निधीचे समन्यायी वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी ठरली. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपू दिली गेली. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे खारे पाणी पिकाला चालत नाही. तेथील शेतकऱ्याला सिंचनाचा अनुशेष म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नको तेथे सुकाणू ओढायचे आणि हवे तेथे ते सोडून द्यायचे, याला कर्णधारपण म्हणत नाहीत.

राजभवनाला अधिक अधिकार देणे हा यावरील उपाय नव्हे. मंडळाच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे हाच अनुच्छेद सांगतो. त्या अहवालावर सभागृहात खडाजंगी चर्चा व्हावी आणि पैशापैशाचा हिशेब मागितला जावा, यासाठी वऱ्हाडातील कार्यकर्त्यांनी गावोगाव लोकमत संघटित केले पाहिजे. सुकाणूवरील हात कोणाचाही असो, दिशा ठरविण्याचा अधिकार नौका वल्हविणाऱ्या कष्टकऱ्यांचाच आहे.