इथेनॉल आमचं, मग भुर्दंडही आमचाच का?

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण गाडीत जळतो तो मका आपलाच, म्हणून इथंच लिहितो.

पुतण्याने जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतलीय. परवा म्हणतो, "आप्पा, ऑनलाइन एक डबी मिळते. बसवली की गाडी निव्वळ इथेनॉलवर पळते. मका आपण पिकवतो, जाळू पण आपणच." मी नको म्हटलं. ग्रुपवर तेच लिहिलं तर दोघे-तिघे तुटून पडले. म्हणे इथेनॉलला नावं ठेवणारा शेतकऱ्याचा वैरी!

अरे बाबांनो, मी इथेनॉलला नाव ठेवलंच नाही. टर्बोला तर ते पेट्रोलपेक्षा सरस. ऑक्टेन जास्त आणि आत गेल्यावर हवा थंड करतं, त्यामुळं टर्बोने हवा दाबून भरली तरी इंजिन ठोकत नाही. पण 1 किलो पेट्रोलला हवा लागते 14.7 किलो, इथेनॉलला फक्त 9. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जवळपास दीडपट पाहिजे. जुने इंजेक्टर, जुना पंप तेवढं देणार कुठून? कमी पडलं की टर्बोच्या दाबाखाली पिस्टन जळतो. शिवाय रबरी नळ्या, सील बदला, ईसीयूचं गणित नव्याने बसवा, थंडीत सकाळी गाडी उठत नाही ते वेगळं. निफाडची थंडी माहितीये ना? हे सगळं एका डबीत बसत नाही. आरटीओची परवानगी नसली तर विमावाले क्लेमच्या वेळी हात वर करतील.

आता दुसरी बाजू. "20 टक्क्यांनी काहीच फरक पडत नाही" म्हणणारेही खोटं बोलतात. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज 6-7 टक्के आणि दुचाकीचं 3-4 टक्के घटेल. माझी मोटारसायकल 60 द्यायची, आता 57-58 वर आलीय. बिघडली नाही, खोटं कशाला बोलू. पण पंपावर भाव तोच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ग्राहकाला स्वस्त द्यावं, असंही त्याच अहवालात होतं. 20 टक्क्यांचं उद्दिष्ट 2030 वरून अलीकडे ओढून 2025 मध्ये गाठलं. स्वस्ताईचं पान मात्र कुणी उलटलं नाही.

परदेशी तेलाचे डॉलर वाचतात, मान्य. पण देशाची बचत दुचाकीवाल्याच्या खिशातून कशाला?

आणि आम्हाला काय मिळालं? 1 क्विंटल मक्यातून साधारण 38 लिटर इथेनॉल निघतं. 71 रुपये 86 पैसे दराने 2,700 च्या वर होतात, पशुखाद्याचा चोथा वेगळा. प्रक्रियेचा खर्च आहे, तो धरा. पण 2025-26 चा हमीभाव 2,400 असताना माझा मका दिवाळीनंतर त्याच्या बराच खाली गेला. आर्द्रता, माती, काडी, कारणं तयारच असतात. डिस्टिलरीला दर बांधून मिळतो, मग मक्याला खरेदी केंद्र का नाही?

ऊसवाल्यांचं तर विचारूच नका. 7 डिसेंबर 2023 ला एका आदेशाने रसापासूनचं इथेनॉल बंद झालं, आठवड्याभरात थोडं सोडलं. कर्ज काढून प्लांट उभारलेले कारखाने बघत बसले. आम्हाला ऊर्जादाता म्हणायचं आणि नळ फिरवावा तसं फिरवायचं!

ब्राझीलमध्ये 2003 पासून कंपनीच फ्लेक्स गाडी देते. पेट्रोल भरा नाहीतर इथेनॉल, जे परवडेल ते. आपल्याकडे ऑगस्ट 2023 मध्ये गडकरी साहेबांनी फ्लेक्स इनोव्हा दाखवली. ती शेतकऱ्याच्या दारात केव्हा येणार, ते विचारा. तशी गाडी आली तर पुतण्याला मीच घेऊन देतो, उधारीवर का होईना.

मार्च 2024 मध्ये देशात 183 पंपांवर शंभर नंबरी इथेनॉल सुरू झालं, त्यात महाराष्ट्रही होता. नाशिक जिल्ह्यात कुणी असा पंप स्वतः पाहिला असेल तर गावाचं नाव लिहा. पुतण्याला अजून सापडला नाही. कारखान्यातून कॅनमध्ये आणू म्हणत होता, त्याला उत्पादन शुल्कवाल्यांची आठवण करून दिली.