दवाखान्याच्या दारापर्यंतची माणुसकी

8 जुलै 1992 रोजी संध्याकाळी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर आगगाडीतून खाली पडला. डोक्याला जबर मार बसला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. तेथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचाराची साधने नव्हती. रात्री पावणेबाराच्या सुमारास त्याला कलकत्त्याच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आणण्यात आले. तेथे खाट रिकामी नव्हती. दुसऱ्या रुग्णालयातही खाट नव्हती. तिसऱ्यात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. राज्याच्या राजधानीतील एकामागून एक सरकारी रुग्णालयांचे उंबरे झिजवल्यावर अखेर एका खाजगी रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले. जीव वाचला, खर्च आला सुमारे 17,000 रुपये. त्या काळातील शेतमजुराच्या किती महिन्यांच्या मजुरीचा हा आकडा होता, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हा माणूस एकटा असता तर गोष्ट येथेच संपली असती. परंतु तो पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सभासद होता. समितीने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि 6 मे 1996 रोजी न्यायालयाने निकाल दिला की, जीव धोक्यात असलेल्या माणसाला सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या 21 व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय. तिजोरीत पैसा नाही ही सबब येथे चालणार नाही. त्या मजुराला 25,000 रुपये भरपाई मिळाली. कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्याची मध्यवर्ती व्यवस्था हवी, रुग्णवाहिकांची नीट सोय हवी, असेही न्यायालयाने बजावले.

त्या वेळी बंगालमध्ये डाव्या आघाडीचे राज्य होते, हे आपण स्वतःपासून लपवू नये. शेतमजुरांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात एका शेतमजुरावर हा प्रसंग आला. तेव्हा रस्त्यात कोसळलेल्या अनोळखी माणसाचे काय होते, हा प्रश्न विरोधकांना विचारण्यापूर्वी आपल्यालाही विचारला पाहिजे.

या विषयावर वर्तमानपत्रांतून एक ठराविक विलाप ऐकू येतो. माणुसकी मेली, माणसे दगड झाली, जखमी तडफडत असताना लोक मोबाइलवर चित्रे घेत उभे राहतात. असे प्रकार घडतात हे खरे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. कोणत्याही एस. टी. स्थानकावर माणूस भोवळ येऊन पडला तर प्रथम कोण धावतो? हमाल धावतो, पेरूची पाटी घेऊन बसलेली बाई धावते, रिक्षावाला मीटरचा विचार न करता रिक्षा आडवी घालतो. रेल्वेच्या रुळांवर पडलेल्यांना झोळीत घालून उचलणारे हात बहुधा हमालांचेच असतात. माणुसकी मेलेली नाही. ती भ्यालेली आहे. आणि भीतीला कारणे असतात.

पहिली भीती पोलिसांची. जखमीला घेऊन गेले की नाव-पत्ता द्या, जबानी द्या, पंचनाम्यावर सही करा, पुढे कोर्टाच्या तारखांना खेपा घाला. रोजावर जगणाऱ्याला एक तारीख म्हणजे एक दिवसाची चूल. दुसरी भीती आळ येण्याची: ज्याने उचलले त्यानेच उडवले असेल, असा संशय घेणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. तिसरी भीती दवाखान्याच्या गल्ल्याची: अनामत रक्कम कोण भरणार? पगारदार, गाडीवाला, ओळखीपाळखीचा माणूस या तिन्ही भीतींतून वाट काढू शकतो. गरिबाला ती काढता येत नाही. तरीही तोच अधिक वेळा थांबतो, यातच लोकशाही समाजवादाला आजही आशा का आहे याचे उत्तर आहे.

पहिल्या दोन भीतींवर कायद्याने बराच इलाज केला आहे, आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. कोणा वाटसरूने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. पोलीस प्रकरण आहे म्हणून तेथल्या डॉक्टरांनी त्याला 20 किलोमीटर दूरच्या रुग्णालयाची वाट दाखवली आणि तो वाटेतच मेला. या बातमीवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेवर 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधी प्राण वाचवायचे, पोलिसी सोपस्कार मागाहून. आणि हे बंधन सरकारी तसेच खाजगी डॉक्टरांवरही आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र त्यानंतर सत्तावीस वर्षे जावी लागली. केंद्र सरकारने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी बंधनकारक केल्या, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आले. आज अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही, त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत. सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

कायदा चांगला आहे. पण त्याचे कुंपण कुठे संपते ते पाहिले पाहिजे. हे कलम मोटार वाहनाच्या अपघातापुरते आहे. मथुरापूरचा तो मजूर आगगाडीतून पडला होता. त्याला उचलणाऱ्याचे संरक्षण या कलमातून आजही झाले नसते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2023 या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे काही स्थानकांवर आपत्कालीन वैद्यकीय कक्ष सुरू झाले, पण डब्याच्या दारातून लोंबकळणाऱ्यांची गर्दी कमी झाली नाही. बांधकामाच्या परातीवरून पडलेला बिगारी, भर उन्हात उसाच्या फडात कोसळलेली तोडणी कामगार बाई, रांगेत उभा असताना छाती धरून खाली बसलेला म्हातारा, यांच्यापैकी कोणीही मोटारीखाली आलेला नसतो. अडचणीत सापडलेल्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व 1860 च्या दंडसंहितेत 92 व्या कलमात होते आणि आता भारतीय न्यायसंहितेच्या 30 व्या कलमात आहे. जुन्या कलमाला जोडलेले उदाहरण होते घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसाचे. घोडा आणि मोटार यांचा विचार झाला. आता पायी चालणाऱ्याचाही व्हावा, एवढीच मागणी आहे.

खरा अडसर मात्र तिसऱ्या भीतीचा आहे. वाटसरूची दया दवाखान्याच्या दारापर्यंत पोचते; दारावर तिला गल्ला आडवा येतो. सरकारने यावर काढलेले उत्तर पाहा. जखमीला वेळेत रुग्णालयात पोचवणाऱ्यास 2021 मध्ये 5,000 रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. 2025 मध्ये ते 25,000 रुपयांवर नेले. गंमत अशी की कायद्याने मदतनिसाची जी व्याख्या केली आहे, तीतच कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवणारा अशी अट आहे. बक्षीस घेणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण ज्या माणसाने रिक्षा थांबवली त्याला बक्षिसाची भूक नव्हती. आपण नेलेल्या माणसाला आत घेतील की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याला हवे होते.

त्या उत्तराच्या दिशेने एक पाऊल मे 2025 मध्ये पडले. रस्ते अपघातातील जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख रक्कम न भरता मिळावा, अशी योजना केंद्राने लागू केली. तिचे स्वागत केले पाहिजे, आणि आपल्या तालुक्यात ती कोणत्या रुग्णालयात चालते व कोणत्या रुग्णालयात कागदावरच आहे, याची तपासणीही केली पाहिजे. पण तिचे कुंपणही तेच, मोटारीचे. याच्या पलीकडे जाण्याचा प्रयत्न राजस्थानने 2023 च्या मार्च महिन्यात आरोग्य हक्काचा कायदा करून केला. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत, ही त्यातील तरतूद होती. खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दवाखाने बंद राहिले, आणि सरकारला तडजोड करावी लागली. डॉक्टरांचा एक प्रश्न रास्त होता: सरकारने खर्चाची हमी दिली नाही तर आम्ही तो कोठून भरायचा? परंतु या प्रश्नाचे उत्तर सार्वजनिक निधी हे आहे. दार लावून घेणे हे नव्हे. आरोग्यसेवा बाजारात नेऊन ठेवली की बेशुद्ध माणूस हे सर्वांत वाईट गिऱ्हाईक ठरते. तो घासाघीस करू शकत नाही, आणि त्याच्या खिशात काय आहे हे तोही सांगू शकत नाही.

आता गर्दीबद्दल. जी गर्दी जखमीला उचलते, तीच कधी कधी चालकाला तुडवते. मोटार वाहन कायद्याच्या 134 व्या कलमाने जखमीला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी प्रथम चालकावर टाकली आहे आणि लगेच अपवाद दिला आहे तो जमावाच्या प्रक्षोभाचा. आपल्या हाताची दहशत कायद्यालाही गृहीत धरावी लागली, ही लाजेची बाब आहे. नव्या न्यायसंहितेत अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा 2024 च्या जानेवारीत देशभरचे ट्रकचालक संपावर गेले. थांबलो तर लोक मारतात, पळालो तर तुरुंग, हे त्यांचे म्हणणे होते. बेदरकार चालकाची पाठराखण कोणी करू नये. पण ट्रकचालक हाही कामगार आहे, अनेकदा झोपेविना गाडी हाकणारा आहे. आणि त्याला मारण्यात गेलेली दहा मिनिटे ही रस्त्यावर पडलेल्याच्या आयुष्यातून गेलेली असतात. मारणाऱ्यांना आवरणे हीदेखील जखमीची शुश्रूषाच आहे.

शेवटी स्वतःविषयी. आपल्या चळवळीत एक जुनी सवय आहे. कोणी एकट्यादुकट्याने मदत केली की आपण तिला भूतदया म्हणतो आणि व्यवस्था बदलल्याशिवाय काही होणार नाही, असे सांगून पुढच्या सभेला निघतो. व्यवस्था बदललीच पाहिजे. पण हृदय थांबलेल्या माणसापाशी वेळ असतो तो मोजक्या मिनिटांचा. दर मिनिटागणिक त्याची वाचण्याची शक्यता घटत जाते. त्या मिनिटांत त्याच्याजवळ सरकार नसते, पक्ष नसतो, तुम्ही असता. हाक मारूनही जागा होत नाही आणि श्वास नीट चालत नाही असे दिसताच 108 ला कळवायला एकाला सांगावे, आणि छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहावे. दमल्यावर दुसऱ्याने हात लावावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. शुद्ध नाही पण श्वास चालू आहे अशा माणसाला कुशीवर वळवावे; मार लागलेला असेल तर मान व पाठ शक्यतो हलू देऊ नये. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये, आणि फेफरे आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये. हे एका दुपारात शिकता येते. आपल्यापैकी किती जणांना येते? मोर्चात हजारो माणसे उन्हात चालवणाऱ्या पक्षाने या प्रश्नाला खाली मान घालून उत्तर द्यावे लागू नये.

यात आणखी एक अर्थ आहे, तो आपल्या समाजापुरता खास. अनोळखी माणसाचे रक्ताळलेले डोके मांडीवर घेताना त्याची जात विचारायला सवड नसते. ज्या देशात 1972 मध्येही डॉ. बाबा आढावांना एका गावाचा एक पाणवठा व्हावा म्हणून चळवळ उभारावी लागली, त्या देशात कोणी कोणाला स्पर्श करावा हा कधीच किरकोळ प्रश्न नव्हता. अपघाताच्या जागी काही क्षण तो प्रश्न नाहीसा होतो. जे संकटात क्षणभर शक्य होते ते रोज शक्य व्हावे, यासाठीच आपले राजकारण आहे.

म्हणून तालुका शाखांना सुचवावेसे वाटते. प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा जवळच्या सरकारी डॉक्टरांना बोलावून प्रथमोपचाराचा वर्ग भरवावा आणि त्यात रिक्षाचालक, हमाल व फेरीवाले यांना अगत्याने बोलवावे. शिकायचे त्यांच्याकडूनही पुष्कळ आहे. एस. टी. स्थानकावर आणि दवाखान्याच्या दारावर मदत करणाऱ्याचे हक्क सोप्या मराठीत लिहिलेला फलक लागलाच पाहिजे असा आग्रह धरावा. 108 ची गाडी किती वेळात आली याची तारीखवार नोंद ठेवावी. तक्रार नोंदीनिशी केली की तिला वजन येते. आणि विधिमंडळातील आपल्या व मित्रपक्षांच्या सदस्यांकडे मागणी लावून धरावी की कारण कोणतेही असो, मोटार असो वा आगगाडी, साप असो वा हृदयविकार, पहिल्या तातडीच्या उपचाराचा खर्च सार्वजनिक निधीतून झाला पाहिजे आणि त्यासाठी कोणत्याही दारावर अनामत मागता कामा नये.

मथुरापूरच्या त्या मजुराला संघटना होती, म्हणून त्याचे दुःख निकालपत्रापर्यंत पोचले. रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाची कोणतीच संघटना नसते. त्या वेळी तेथून जाणाऱ्याने ती व्हायचे असते.