ब्राझीलचा इतिहास आणि पिंपरी-चिंचवडचा कामगार

आकुर्डी-चाकणच्या बजाज ऑटोने २०२४ च्या जूनमध्ये ब्राझीलमधील मनाउस या शहरी आपला कारखाना सुरू केला. २००९ साली चाकणला कारखाना उघडणारी फोक्सवॅगन ब्राझीलमध्ये १९५३ पासून आहे. भांडवलाच्या दृष्टीने चाकण, मनाउस आणि साओ पाउलो ही एकाच व्यवहारातील ठिकाणे झाली आहेत. आपल्या कामगार चळवळीची ब्राझीलविषयीची माहिती मात्र फुटबॉल आणि कॉफी यांच्या पलीकडे फारशी गेलेली नाही. ज्या देशातील मोटार-कामगारांनी लष्करशाहीला आव्हान दिले आणि ज्यांचा नेता पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, त्या देशाची ओळख पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कार्यकर्त्याला असणे अगत्याचे आहे.

भूमी आणि तिची मालकी

ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून अधिक. दक्षिण अमेरिका खंडाचा जवळजवळ निम्मा भाग या एका देशाने व्यापला आहे. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार २० कोटी ३० लाख. उत्तरेस ॲमेझॉनचे अरण्य, ईशान्येस वारंवार दुष्काळाने होरपळणारा कोरडा मुलूख, मध्यभागी गवताळ पठार आणि आग्नेयेस लाल मातीचा, कॉफीने समृद्ध झालेला प्रदेश, अशी या देशाची ढोबळ विभागणी करता येईल.

या आग्नेय भागाची रचना महाराष्ट्रातील वाचकाला परकी वाटू नये. सांतोस बंदरापासून आत जाताना ‘सेरा दो मार’ ही सह्याद्रीसारखी कड्यांची रांग लागते. ती चढून गेले की माथ्यावर साओ पाउलो. घाटमाथ्यावरचे पाणी वळवून कड्यावरून खाली सोडायचे आणि वीज निर्माण करायची, ही योजना तेथे एका परकीय वीज कंपनीने १९२६ मध्ये अमलात आणली. टाटांनी खोपोलीला तेच १९१५ मध्ये केले होते. वीज, बंदराकडे उतरणारा रस्ता आणि दुष्काळी मुलखातून येणारी माणसे यांच्या आधारावर साओ पाउलोच्या उपनगरांत सांतो आंद्रे, साओ बर्नार्दो आणि साओ काएतानो या गावांचा ‘ए-बी-सी’ पट्टा उभा राहिला. मुंबई-पुणे महामार्गावरील पिंपरी-चिंचवड आणि पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण यांची घडण याहून फारशी वेगळी नाही.

ब्राझीलचा वसाहतपूर्व समाज मोडला तो पोर्तुगिजांनी. १५०० च्या एप्रिलमध्ये काब्रालचे आरमार तेथील किनाऱ्याला लागले, तेव्हा ते वस्तुतः हिंदुस्थानकडे निघाले होते. त्याच सफरीत ते पुढे कालिकतला पोहोचले. गोवा आणि ब्राझील एकाच राजसत्तेखाली आल्यामुळे काजूचे झाड तिकडून कोकणात आले. एकोणिसाव्या शतकापासून आपल्याकडची ओंगोल आणि गीर गुरे तिकडे गेली. आज ब्राझीलच्या प्रचंड गोधनात या गुरांच्या वंशाचा वाटा फार मोठा आहे.

झाडे आणि जनावरे आली-गेली, पण माणसे विकली गेली. आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख गुलाम आणले गेले. जगातील अन्य कोणत्याही एका देशात इतके गुलाम उतरवले गेले नाहीत. ईशान्येत साखर, अठराव्या शतकात मिनास जेराइस प्रांतात सोने, एकोणिसाव्या शतकात कॉफी असा माल बदलत गेला. कष्ट मात्र गुलामाचेच राहिले. १८२२ मध्ये देश स्वतंत्र झाला तोही पोर्तुगालच्या राजपुत्रालाच सम्राट करून. गुलामगिरी संपली १३ मे १८८८ रोजी, दोन्ही अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी.

या मुक्तीपूर्वीच जमीनदारांनी आपली तजवीज करून ठेवली होती. १८५० च्या जमीन कायद्याने सरकारी जमीन केवळ विकत घेऊनच मिळू शकेल, असे ठरवले. ज्याच्याजवळ दमडी नाही अशा मुक्त गुलामाला जमिनीचा मार्ग आधीच बंद झाला. या कायद्याची सावली अद्याप हटलेली नाही. २०१७ च्या कृषिगणनेनुसार सुमारे एक टक्का मोठ्या धारकांच्या हाती शेतजमिनीचा जवळजवळ निम्मा भाग आहे. ब्राझीलच्या शहरांभोवतीच्या झोपडपट्ट्यांचे मूळ या आकड्यात आहे.

कच्च्या मालाकडून कारखान्याकडे

एका पिकावर उभा असलेला देश परक्या बाजारपेठेच्या लहरीवर जगतो. १९२९ च्या मंदीनंतर कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा ब्राझील सरकारने कोट्यवधी पोती कॉफी जाळून टाकली. या आपत्तीनंतर गेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीने औद्योगिकीकरणाचा मार्ग धरला. १९४१ मध्ये राष्ट्रीय पोलाद कंपनी स्थापन झाली. १९५३ मध्ये पेट्रोब्रास ही सरकारी तेल कंपनी आली. याच सुमारास, १९५४ मध्ये, पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कच्चा माल विकून पक्का माल विकत घेण्याचे चक्र सरकारी पुढाकाराशिवाय तुटत नाही, याची जाणीव त्या काळी दोन्ही देशांत होती.

पुढे मात्र दोन्हीकडे खाजगी मोटार उद्योगाने बाजी मारली. फोक्सवॅगनचा साओ बर्नार्दो येथील कारखाना १९५९ मध्ये उघडला. पुणे परिसरात साठीच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरीपासून पुढे गावोगावची शेते कारखान्यांखाली गेली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती.

ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्कराने निर्वाचित सरकार उलथून टाकले आणि १९८५ पर्यंत सत्ता बळकावून ठेवली. १९६८ ते १९७३ या काळात उत्पादनाची वाढ सरासरी दहा टक्क्यांवर गेली. जगभरच्या अर्थपंडितांनी त्याला ‘चमत्कार’ म्हटले. हा चमत्कार संपबंदी, तुरुंग आणि गोठवलेले वेतन यांच्या बळावर घडला होता. कारखानदारही केवळ प्रेक्षक नव्हते. लष्करशाहीच्या दडपयंत्रणेशी सहकार्य केल्याबद्दल फोक्सवॅगनने २०२० मध्ये ३ कोटी ६० लाख रियाल देण्याचा करार ब्राझीलच्या सरकारी वकिलांशी केला. याच कंपनीचा त्या काळी ॲमेझॉनमध्ये पशुपालनाचा मोठा मळा होता. तेथील मजुरांना गुलामासारखे राबवल्याबद्दल १६ कोटी ५० लाख रियाल भरपाईचा आदेश ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील कामगार न्यायालयाने दिला. त्याविरुद्ध अपील करण्याचे कंपनीने जाहीर केले. गुलामगिरीचा कायदा १८८८ मध्ये गेला, प्रवृत्ती गेली नाही.

एका आकड्याने पेटलेला लढा

लष्करशाहीने वेतनवाढ सरकारी महागाई निर्देशांकाला जखडली होती. त्यामुळे निर्देशांकात लबाडी झाली की पगारातच चोरी होत असे. १९७३ च्या महागाईचा आकडा सरकारने मुद्दाम कमी दाखवला होता, हे १९७७ मध्ये उघडकीस आले. कामगार संघटनांनी १९५५ मध्येच ‘दिएसे’ नावाची स्वतःची संशोधन संस्था काढलेली होती. तिने हिशेब मांडून दाखवला की भरपाईसाठी वेतन ३४.१ टक्क्यांनी वाढले पाहिजे. अर्थशास्त्रातील हा एक आकडा यंत्रशाळेतील प्रत्येक कामगाराच्या तोंडी झाला.

१२ मे १९७८ रोजी साओ बर्नार्दोच्या स्कानिया कारखान्यात कामगार नेहमीप्रमाणे आत गेले, पण त्यांनी यंत्रे सुरू केली नाहीत. पाहता पाहता लोण शेजारच्या कारखान्यांत पसरले. धातुकामगार संघटनेचे अध्यक्ष होते लुइझ इनासिओ लुला दा सिल्व्हा. ईशान्येच्या पर्नाम्बुकोमधून सात वर्षांचा असताना मालमोटारीवर तेरा दिवस प्रवास करून आलेला, कारखान्यात एक बोट गमावलेला हा लेथ-कामगार होता.

१९८० चा संप ४१ दिवस चालला. सरकारने संघटनेच्या कार्यालयाचा ताबा घेतला, लुला व इतर पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. कामगार मग चर्चमध्ये जमले. संपनिधीसाठी धान्य वस्तीवस्तीतून गोळा झाले. मागण्यांच्या हिशेबाने हा संप हरला. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत कामगारांनी स्वतःचा राजकीय पक्ष स्थापला होता. १९८३ मध्ये देशव्यापी कामगार महासंघ झाला, १९८४ मध्ये भूमिहीनांची संघटना उभी राहिली, आणि १९८८ च्या राज्यघटनेत संपाचा हक्क व ४४ तासांचा आठवडा आला. संप हरला तरी चळवळ हरली नाही, कारण ती कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेली होती.

आपल्या पट्ट्यातील चित्र

पिंपरी-चिंचवडच्या कामगाराच्या लढाऊपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली १९८९ च्या सप्टेंबरमध्ये टेल्कोच्या हजारो कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण केले आणि पोलिसांनी त्यांना तेथून उचलून नेले. २०१३ मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यात पन्नास दिवस काम बंद राहिले. कामगारांना कंपनीचे समभाग नाममात्र किमतीत द्यावेत, ही त्या लढ्यातील मागणी मालकीच्या प्रश्नालाच हात घालणारी होती. हे लढे कष्टाचे होते, पण प्रत्येक लढा आपापल्या कारखान्यापुरता राहिला.

या फरकाचे एक कारण संघटनेच्या रचनेत आहे. ब्राझीलमध्ये १९४३ च्या कामगार संहितेने एका भागातील एका धंद्याला एकच मान्य संघटना ठेवली. हेतू होता कामगारांवर सरकारी अंकुश ठेवण्याचा. मुंबईच्या गिरणी कामगाराने १९४६ च्या कायद्याखालील एकमेव प्रातिनिधिक संघटनेचा जाच कसा सोसला, हे महाराष्ट्र जाणतो. परंतु साओ बर्नार्दोच्या कामगारांनी तीच सरकारी चौकट आतून जिंकली. परिणामी फोक्सवॅगन, फोर्ड, मर्सिडीज आणि स्कानिया यांचे कामगार एकाच सभेत बसले. आपल्याकडे प्रत्येक कंपनीची संघटना वेगळी, करार वेगळा, मुदत वेगळी. शेजारच्या कारखान्यात संप चालू असताना या कारखान्यात जादा पाळी चालते. शिवाय त्याच लाइनवर उभा असलेला कंत्राटी, शिकाऊ किंवा प्रशिक्षणार्थी कामगार बहुधा कोणत्याच संघटनेचा सभासद नसतो. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेला हा तरुण चाकणच्या भाड्याच्या खोलीत चार-पाच जणांत राहतो. त्याचा भाडेखर्च, पाणी आणि बसचा प्रवास हे कोणत्याही मागणीपत्रात नसतात.

शेतकऱ्याशीही हीच फारकत झाली. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळात आंदोलन झाले, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. शहरातील कामगार आणि मावळचा शेतकरी हे पाण्याच्या दोन टोकांना, एकमेकांविरुद्ध उभे असल्यासारखे दिसले. वस्तुतः कामगारांतील कित्येक जण अशाच विस्थापित शेतकऱ्यांची मुले आहेत.

ब्राझीलचे अंधानुकरण करावे असे येथे सुचवायचे नाही. लुला २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. ‘बोल्सा फामिलिया’ योजनेने कोट्यवधी गरिबांच्या घरी रोख मदत पोहोचली, पण जमिनीची मालकी जागची हलली नाही. सोयाबीन, लोहखनिज, खनिज तेल यांच्या निर्यातीवरील भिस्त आजही मोठी आहे. २०१७ मध्ये, लुलांचा पक्ष सत्तेबाहेर गेल्यानंतर, मुख्य उत्पादनातही कंत्राटी पद्धतीला कायद्याने मोकळीक मिळाली. फोर्डने २०१९ मध्ये साओ बर्नार्दोचा कारखाना बंद केला आणि २०२१ मध्ये ब्राझीलमधील सर्व उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरमध्ये तळेगावचे उत्पादन थांबवले. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. यावरून दिसते ते हे की, सत्ता मिळाली तरी मालकीचे प्रश्न आपोआप सुटत नाहीत आणि मिळवलेले हक्क संघटनेच्या जोरावरच टिकतात.

कार्यकर्त्यांनी या इतिहासातून घ्यावयाच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, पट्ट्यातील सर्व संघटनांनी वर्गणी काढून स्वतःचे एक अभ्यास केंद्र उभारावे. चाकणचे घरभाडे, भाजीपाला, प्रवासखर्च आणि कंत्राटी वेतन यांची दरमहा नोंद त्याने ठेवावी. मालकाचा आणि सरकारचा आकडा तपासून पाहणारा आपला आकडा हवा. दुसरी, कायम कामगारांच्या संघटनांनी कंत्राटी कामगाराला सभासदत्व द्यावे आणि कराराच्या मुदती एका वेळी संपतील असे धोरण ठेवावे. तिसरी, भाडे, पाणी आणि संपादित जमिनीचा मोबदला हे प्रश्न कामगार संघटनेच्या मागणीपत्रावर यावेत. ब्राझीलमधील ३४.१ टक्क्यांचा आकडा एका लहानशा कार्यालयात तयार झाला. ते कार्यालय संघटनांनी सुमारे बावीस वर्षे आधी, कोणताही मोठा संप समोर नसताना, उघडले होते. आपल्याकडे त्याची सुरुवात आजच करता येण्यासारखी आहे.