ताजे शेण म्हणजे खत नव्हे

गच्चीवरच्या कुंड्यांत कोथिंबीर, मेथी, टोमॅटो लावणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. पण रासायनिक खत नको म्हणून अनेक जण गोठ्यातले शेण आणून थेट कुंडीत घालतात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे.

ताज्या शेणात ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जंतू असू शकतात. कोथिंबीर आपण कच्ची खातो आणि नुसत्या धुण्याने सगळे जंतू जात नाहीत. शेण पालापाचोळ्यात मिसळून कुजवले की ढिगात उष्णता तयार होते. ती ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकली आणि ढीग अधूनमधून उलथवला, तर बहुतेक जंतू मरतात. घरच्या लहान ढिगात एवढी उष्णता येईलच असे नाही, म्हणून काही महिने थांबावे. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, मातीला टेकणाऱ्या पिकाला कच्चे शेण घातल्यावर काढणीपूर्वी १२० दिवस जावे लागतात. आपली कोथिंबीर तर दीड महिन्यात ताटात येते! कुत्र्या-मांजरांची विष्ठा मात्र खतात नकोच.

धनुर्वाताचे बीजाणू कुजवण्याच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. गंजका खिळा लागला की लोक धावत इंजेक्शनला येतात. शेणखत घालताना गुलाबाचा काटा टोचला, तर सहसा कोणी येत नाही. धोका तोच असतो. हातमोजे घाला आणि टीडी लस घेऊन दहा वर्षे झाली असतील, तर पुन्हा घ्या.

खत काळे, भुसभुशीत झाले, त्याला शेणाचा नव्हे तर मातीचा वास येऊ लागला, की मगच ते कुंडीत घाला.