विश्वास मागायचा, तर हिशेब द्यावा लागतो

मेहरूण हे नाव खानदेशात दोन गोष्टींसाठी परिचित आहे. एक तिथला तलाव आणि दुसरी तिथली बोरे. जळगावच्या नळांना एके काळी याच तलावाचे पाणी येत असे. पुढे शहर वाढले, मेहरूण त्याचाच एक भाग झाले, पाण्यासाठी वाघूर धरणाकडे वळावे लागले आणि २००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. सामान्य कुटुंबाची शासनाशी गाठ पडते ती नळ, गटार, रस्ता आणि घरपट्टीच्या पावतीत. संसद त्याला वर्तमानपत्रातून कळते. लोकशाही कशी चालते, हे त्याला आपल्या प्रभागात कळते. म्हणूनच लोकशाहीवरील जनविश्वासाची चर्चा दिल्लीपासून नव्हे, मेहरूणसारख्या वस्तीपासून सुरू झाली पाहिजे.

या शहराने विश्वासाची किंमत मोजली आहे. १९९०च्या दशकात नगरपालिकेने गोरगरिबांसाठी घरकुल योजना हाती घेतली. त्यासाठी हुडकोकडून कर्ज काढले. हजारो घरे उभी राहायची होती. पूर्ण झाली सुमारे दीड हजार. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दाखल केली. सुमारे २९ कोटी रुपयांच्या अपहाराचा आरोप होता. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कारावास आणि शंभर कोटी रुपये दंड अशी शिक्षा झाली. दोषी ठरलेल्यांत नगरसेवकपद भूषवलेल्यांचा मोठा भरणा होता. शिक्षेला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, आणि कायद्यात अंतिम शब्द न्यायालयाचाच असतो. परंतु ज्यांना घर मिळालेच नाही, त्यांच्यासाठी तो शब्द केव्हाही आला तरी उशिराच आलेला असेल. कर्जाचा बोजा मात्र शहराने वर्षानुवर्षे वाहिला.

येथे एक अप्रिय प्रश्न विचारला पाहिजे. इतकी वर्षे नागरिक काय करीत होते? फिर्याद २००६ मध्ये झाली आणि २००९ मध्ये त्याच नेत्याला जळगावकरांनी पुन्हा विधानसभेत पाठवले. आरोप म्हणजे अपराधसिद्धी नव्हे, हे खरे. पण मत देण्यापूर्वी हिशेब मागण्यास कोणती आडकाठी होती? आडकाठी होती ती भक्तीची. ‘दादा सांगतील ते’ या वृत्तीला विश्वास म्हणत नाहीत. ते आपले नागरिकत्व दुसऱ्याच्या हवाली करणे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच इशारा दिला होता. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल. राजकारणात ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

सव्वीस वर्षांच्या आत त्या इशाऱ्याचा प्रत्यय आला. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधी नेते आणि हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. मार्च १९७७ मध्ये मतदाराने त्याचे उत्तर दिले. ज्याला अशिक्षित म्हणून हिणवले जात होते, त्याच मतदाराने प्रत्यक्ष पंतप्रधानांचा पराभव केला. हा इतिहास कार्यकर्त्यांच्या घरोघरी अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्याचा उत्तरार्ध बहुधा घाईने उरकला जातो. जुलै १९७९ मध्ये, सव्वादोन वर्षांतच, जनता पक्षाचे सरकार आपसांतील कलहाने कोसळले. जानेवारी १९८० मध्ये त्याच मतदाराने इंदिरा गांधींना पुन्हा सत्तेवर बसवले. तुरुंगवासाने मिळवलेला विश्वास खुर्चीच्या भांडणात गेला.

जळगावने हाच धडा आपल्या अंगणात पाहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये महापालिकेच्या ७५ पैकी ५७ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या. याहून स्पष्ट कौल तो कोणता? तरीही मार्च २०२१ मध्ये त्याच पक्षाचे २७ नगरसेवक विरोधी बाजूला गेले आणि महापौरपद हातचे गेले. कौल देणाऱ्या मतदाराला कोणी विचारले नाही. जाणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांना उमेदवारी देताना कोणते निकष लावले होते? केवळ निवडून येण्याची क्षमता हाच निकष असेल, तर निवडून आल्यावर निष्ठेची अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

छत्रपती शिवाजी महाराजांना विश्वासाचे हे गणित नेमके ठाऊक होते. चिपळूणच्या तळावरील अधिकाऱ्यांना त्यांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, लाकूडफाटा बाजारातून दाम देऊन घ्यावा, रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नये, अशी त्यात ताकीद आहे. तसे झाले, तर यापेक्षा मोगल बरे, असे लोक म्हणतील, ही जाणीवही त्यात आहे. स्वराज्य आपले आहे म्हणून रयतेने सोसावे, असे महाराजांनी म्हटले नाही. राज्य आपले असेल, तर त्याची कसोटी अधिक कडक हवी, हा त्या पत्राचा अर्थ आहे.

आज दाणा-वैरणीच्या जागी निविदा, देयके आणि अंदाजपत्रके आली आहेत. ती तपासण्याची साधने नागरिकांच्या हाती आहेत. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने दप्तर पाहण्याचा हक्क दिला. लेखापरीक्षणाचे अहवाल असतात. ते वाचणारे नसतात. प्रत्येक प्रभागात चार-पाच सुशिक्षित कुटुंबांनी ठरवले, तर आपल्या रस्त्याचे काम कोणाला दिले, किती रकमेला दिले आणि किती झाले, हे दरवर्षी तपासता येईल. त्याला ना मोर्चा लागतो, ना पद.

कार्यकर्त्यावर तर दुहेरी जबाबदारी आहे. विरोधकांच्या राजवटीत प्रश्न विचारायला धैर्य लागते, पण आपल्या माणसांच्या राजवटीत तेच प्रश्न विचारायला चारित्र्य लागते. ‘आपलेच सरकार आहे, आता गप्प बसा’ असे सांगणारा हितचिंतक पक्षाचेही भले करीत नाही आणि लोकशाहीचेही नाही. मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते. हिशेब मात्र रोजचा आहे. तो मागण्याचे ज्या समाजाने सोडले, त्याच्या विश्वासाला पुढारी गृहीत धरतात, आणि गृहीत धरलेला विश्वास फार काळ टिकत नाही.