मदतनीस होण्याची तयारी

"बारावी झालीस ना, मग घरी बसण्यापेक्षा शाळेत मदतनीस म्हणून लाग." गावात आणि शहरातल्या वस्त्यांत मुलींना हा सल्ला सर्रास मिळतो. शिकवायला शिक्षण लागते, हाताखालचे काम मात्र कुणालाही जमते, असे त्यात गृहीत धरलेले असते. बऱ्याच शाळाचालकांचेही तेच मत असते, म्हणून नवी मदतनीस रुजू होते त्याच दिवशी तिला वर्गात सोडले जाते. नोकरी शोधणारी मुलगीही तेच धरून चालते. अर्जाला गुणपत्रिका, रहिवासी दाखला आणि एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जोडले की आपली तयारी झाली, असे तिला वाटते. हे गृहीत मुळातच चुकीचे आहे. त्याची किंमत वर्गात सर्वांत मागे पडलेली मुले मोजतात, कारण मदतनिसाच्या वाट्याला बहुधा तीच येतात.

तिसरीतला मुलगा ४२ मधून १७ वजा करतो आणि उत्तर लिहितो ३५. घाईतली मदतनीस त्यावर फुली मारते, फार तर फळ्यावरचे बरोबर उत्तर उतरवून घ्यायला सांगते. काम जाणणारी मदतनीस विचारते, "कसं केलंस, मला सांग." तो सांगतो, चारातून एक गेला, तीन, सातातून दोन गेले, पाच. म्हणजे वजाबाकी त्याला येते. दोनातून सात जात नाहीत हे पाहून त्याने आपल्यापुरती वाट काढली आणि मोठ्यातून लहान काढले. त्याचे घोडे अडते ते दशक सुटा करण्यापाशी. मग ती दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवते आणि म्हणते, "मला सतरा दे." एक गठ्ठा देऊन झाला की तो सुट्या काड्यांकडे पाहतो, थांबतो, पुन्हा पाहतो, आणि मग दुसऱ्या गठ्ठ्याचे रबर काढतो. तो थांबलेला असताना तोंड मिटून बसणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग. बी.एड.च्या पदवीने तो आपोआप जमत नाही, बारावीच्या टक्क्यांनी तर नाहीच नाही.

शिकवून तयार केलेली साधी मुलगी काय करू शकते, याचा दाखला मुंबईतच आहे. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रथम’ने पालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. त्या आसपासच्या वस्तीतल्याच, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या तरुणी होत्या. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवडे प्रशिक्षण आणि पुढे वर्षभर मार्गदर्शन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५ ते २० मुले चार तासांच्या शाळेतले दोन तास बालसखीजवळ बसत. तिथे धडा पुढे रेटायचा नसे. ज्याला अक्षर येत नाही त्याला अक्षर, ज्याला मोजता येत नाही त्याला मोजणी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची काटेकोर तपासणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, बालसखी असलेल्या शाळांतल्या मुलांचे गुण सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने (गुण किती विखुरलेले आहेत त्या मापाने) वाढले, आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच प्रयोगांच्या कामासाठी.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पंधरा-वीस मुले बालसखीकडे गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी घटली होती, पण तिथेच राहिलेल्या मुलांची त्यामुळे म्हणावी तशी प्रगती झाली नाही. नुसती गर्दी कमी करून भागत नाही. मूल जिथे अडले आहे तिथपर्यंत कुणीतरी खाली उतरावे लागते, आणि उतरायचे कसे हे त्या मुलींना शिकवलेले होते. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात हा फायदा सुमारे ०.१० पर्यंत ओसरला, हेही त्याच निबंधात आहे. टीकाकार त्यावर बोट ठेवतात. पण आधार काढून घेतल्यावर घसरण झाली, यावरून आधार निरुपयोगी होता असे ठरत नाही. तो मधेच काढू नये, एवढे ठरते.

याहून वजनदार आक्षेप इंग्लंडमधला आहे. तिथे वर्गात शिक्षकाला मदत करणारे सहायक शाळाशाळांत आहेत. पीटर ब्लॅचफर्ड, रॉब वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून काही वर्षे चालवलेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की ज्या मुलांना सहायकाची मदत जास्त मिळाली त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. मुलांची आधीची पातळी आणि विशेष गरजा हिशेबात धरूनही निष्कर्ष तोच राहिला. मग सहायक नेमायचेच कशाला, असा प्रश्न तिथे विचारला गेला. पण अभ्यासकांनी दोष सहायकांच्या माथी मारला नाही. शिक्षक आणि सहायक यांना एकत्र बसायला वेळच दिलेला नव्हता. आज काय शिकवायचे आहे हे सहायकाला अनेकदा मुलांबरोबरच वर्गात कळत होते. साहजिकच मूल अडले की ती सहायक उत्तर सांगून काम उरकत होती. शिवाय अडणारी मुले पूर्णपणे तिच्यावर सोपवली गेल्याने शिक्षकाशी त्यांचा संबंध तुटत चालला होता. पुढे २०१५ मध्ये तिथल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने शाळांसाठी मार्गदर्शिका काढली. प्रशिक्षण दिलेल्या सहायकाने छोट्या गटाबरोबर ठरावीक, आखीव सत्रे घेतली तर मुलांना चांगला लाभ होतो, असे तिच्यात पुराव्यानिशी मांडले आहे. इंग्लंडचा पुरावा मदतनिसांच्या विरोधात जात नाही. तयारी करून न घेता मदतनीस वापरण्याच्या विरोधात मात्र तो ठामपणे उभा आहे.

मदतनिसांचे गोडवे गायले की सरकारला शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून स्वस्तात काम भागवायला निमित्त मिळते, असेही काही शिक्षक म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. पण बालसखीकडची मुले उरलेले दोन तास आपल्या शिक्षकापुढेच असत. बालसखी शिक्षकाच्या जागी कधीच आली नव्हती. पैशाबाबत तर या शिक्षकांच्या सुरात सूर मिसळायलाच हवा. उदाहरणार्थ, अंगणवाडी मदतनिसाचे केंद्राने ठरवलेले मानधन २०१८ मध्ये १,५०० वरून २,२५० रुपये झाले. राज्य त्यात आपली भर घालते. सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. कामाला कौशल्य लागते हे एकदा मान्य केले की तुटपुंज्या मानधनाचे समर्थन करता येत नाही. म्हणूनही हे कौशल्य मोठ्याने सांगितले पाहिजे.

मग पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलीने काय करावे? प्रमाणपत्रांच्या मागे धावण्याआधी तिने महिनाभर शेजारची चार मुले रोज तासभर घेऊन बसावे. दुसरी-तिसरीचे बालभारतीचे पुस्तक उघडून प्रत्येकाला वाचायला सांगावे आणि कोण कुठे अडते ते वहीत टिपावे: कुणी जोडाक्षराला थांबतो, कुणाची ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत गल्लत होते, कुणी चित्र पाहून शब्द ठोकून देतो. खासगी शाळेत डेमो घ्यायला लावतात तेव्हा उमेदवार बहुधा रंगीत तक्ते करून नेतात. त्यापेक्षा ही वही पुढे ठेवावी. आणि मुलाखतीत आपणही विचारावे, की शिक्षिकेबरोबर बसायला रोज किती वेळ मिळेल आणि माझ्याकडे येणारी मुले कोण ठरवणार. ज्या शाळेला या प्रश्नांचा राग येतो तिथे शिकायला मिळण्याची शक्यता कमीच.

हाताखाली शिकण्यात कमीपणा मानायचेही कारण नाही. अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांकडे आल्या तेव्हा त्यांच्या गाठीला शाळेत शिकवल्याची वर्षे होती. तरी बालशिक्षण त्या ताराबाईंबरोबर काम करतच शिकल्या, आणि बोर्डीहून कोसबाडला हललेले ते काम पुढे त्यांनीच चालवले.

तयारीची जबाबदारी मात्र एकट्या उमेदवाराची नाही. महाराष्ट्रात अंगणवाडी मदतनिसाची निवड गुणांकनावर होते. बारावीचे गुण, वरची पदवी, संगणकाचे प्रमाणपत्र हे सगळे त्यात मोजले जाते. मुलाजवळ बसता येते का, ते मोजले जात नाही. निवड यादी लावण्याआधी प्रत्येक उमेदवाराला अर्धा तास चार मुलांबरोबर बसवून पर्यवेक्षिकेने पाहणे काही अशक्य नाही. त्यासाठी वेगळा निधीही लागणार नाही. हे तातडीने करायला हवे, कारण केंद्राच्या २०२२ च्या सूचनांनुसार सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून भरायच्या आहेत. आज टक्केवारी पाहून नेमलेली मुलगी काही वर्षांनी संपूर्ण अंगणवाडी सांभाळणार आहे.