सापाला ऊब द्यायची म्हणजे काय?

मंडळी, "साप पाळणं एकदम सोपं, आठवड्यातून एकदा खायला दिलं की झालं" असं हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. खायला घालणं सोपंच आहे हो. अवघड आहे ते तापमान.

साप आपल्यासारखी अंगात उष्णता तयार करत नाही, तो जागा बदलून तापमान निवडतो. थंडीत आमच्या गोंदियाकडे बोदलकसाला गेलात तर सकाळी तलावाच्या पाळीवर उन्हात पसरलेली धामण बघा. अंग तापलं की ती दगडांच्या फटीत नाहीतर ओलसर गवतात निघून जाते. ऊन, सावली, ओल, सगळं चार हातांवर! काचेच्या पेटीतल्या सापाकडे यातलं काय असतं? आपण देऊ तेवढंच.

आमच्या टीममधल्या एकाकडे बॉल पायथन आहे. पेटीखाली हीट मॅट, आणि ती थेट प्लगमध्ये! थर्मोस्टॅट नाही. म्हणजे इनपुट आहे, फीडबॅकच नाही. असा कोड रिव्ह्यूमध्ये आला तर हाच पठ्ठ्या परत पाठवेल. अशी मॅट चाळिशीच्या वर सहज जाते, आणि चटका बसतोय म्हणून साप उठून जाईलच असं नाही. तो तसाच पडून राहतो, पोटाचे खवले भाजतात. त्याच्या सापाच्या पोटावर तपकिरी डाग होता. अशा वेळी हळद-खोबरेल नको, प्राण्यांच्या डॉक्टरकडेच जायचं.

खरं तर फार काही लागत नाही. पेटीचं एक टोक 31 ते 33 अंश, दुसरं 25 च्या आसपास, दोन्हीकडे लपायला जागा, आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर जिथे साप टेकतो तिथेच घट्ट चिकटवलेला. तो निसटून बाजूला पडला तर थर्मोस्टॅट बिचारा गार हवा मोजत मॅट तापवत बसतो.

आणि कात! हीटर आणि एसी मिळून हवा कोरडी करतात. मग अखंड मोज्यासारखी उलटी निघायची ती कात तुकड्यांनी निघते, कधी डोळ्यावरची चकती तशीच राहते. ती चिमट्याने ओढू नका, प्लीज! डोळा जाईल. बॉल पायथनला 60 टक्क्यांच्या आसपास दमटपणा आणि ओल्या मॉसचा एक डबा ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आता कायद्याचं. बोदलकसाची धामण घरी आणायची नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापांची 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागा, आणि थर्मोस्टॅटचंही विचारा. "त्याची काही गरज नाही" म्हणाला, तर तिथून सरळ निघा.